वळशाचा बांध

होळीच्या दुसऱ्या दिवशी दिनानाथाने धुतलेला सदरा घातला आणि तो गावात घरटी एक माणूस मागायला निघाला.

पनवेलच्या खाडीकाठच्या त्या गावाची ही जुनी रीत. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध. उधाणात त्याला भगदाड पडलं, म्हणजे खांड गेली, की ज्याचं शेत असेल त्याने दारोदार जाऊन सांगायचं, खांड बांधायची आहे. एवढंच. मजुरी नाही, आर्जवं नाहीत. दुपारी भाकरी आणि जवळ्याचं कालवण. ज्या घरातून माणूस येत नसे त्या घरच्या लग्नाचा मांडव घालायला कोणी जात नसे. आता मांडव भाड्याने मिळतात, तेव्हा त्या धाकाला कोण भीक घालतो?

"आठमीला खांड बांधायची हाय. घरटी एक मानूस," दिनानाथ प्रत्येक उंबऱ्यापाशी उभा राहून म्हणाला.

एकाची मॉलवर दिवसपाळी होती. एकाची गाडी कंपनीत लावलेली. एकाने गुडघे दाबून दाखवले. तोच संध्याकाळी मैदानात पोरांच्या मॅचला अंपायर म्हणून उभा होता. कोणी नाही म्हणालं नाही, त्याचंच जास्त लागलं. "बघतो काका," म्हणायचे आणि टीव्हीकडे वळायचे.

घरी आला तेव्हा त्याची बायको सखूबाई मोरीशी बसून चिंबोऱ्या धूत होती. शेत बुडाल्यापासून ती रोज ओहोटीला खाडीत उतरायची, चिखलातून चिंबोऱ्या आणि निवट्या मासे काढून पनवेलच्या बाजारात नेऊन बसायची. साठीची बाई, पण गुडघाभर चिखलातून अशी चालायची की पाय रुतल्याचा आवाज होत नसे.

"किती जन येतान?" तिने विचारलं.

"येतान की."

"म्हंजे कोन नाय." तिने एका चिंबोरीची नांगी बांधली. "ठीक हाय. मी हाय, सून हाय."

खांड सहा वर्षांपूर्वी आषाढात गेली होती. वीस हात रुंद. तेव्हापासून दिवसातून दोनदा खाडी शेतात यायची आणि उन्हाळ्यात जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा धरायचा. दोनदा बांधून झालं, दोनदा वाहून गेलं. या शेतात राता पिकायचा. तांबडा भात, थोडं खारं सोसणारा, शहरात विकायला गेलं तर कोणी हुंगणार नाही, पण त्याची पेज प्यायलेला माणूस दुसरा तांदूळ गोड मानत नाही. बी मरू नये म्हणून दिनानाथ दर पावसाळ्यात नेऱ्याला लेकीच्या शेतात खाटेएवढ्या तुकड्यात राता लावायचा. जावई हसायचा. दिनानाथ हसू द्यायचा.

मुलगा कुमार सुकापूरच्या एका शाळेची बस चालवायचा. वाईट पोरगा नव्हता, नुसता थकलेला होता. त्याने बापाला सरळच सांगितलं होतं.

"बाबा, यो शेवटचा वरीस. दसऱ्यापर्यंत शेतात भात दिसला तर ठीक. नायतर मी उदयसिंहला हो सांगनार."

उदयसिंह म्हणजे कंटेनरच्या गाड्या फिरवणारा माणूस. पांढऱ्या जीपमधून आला होता, बांधावर उभा राहिला होता, बुटाला चिखल लागू नये म्हणून एका दगडावर. "काका, जमीन पडून आहे नुसती. मी भराव टाकतो, लेव्हल करतो, माझे कंटेनर उभे राहतील. तुम्हाला काही करायचं नाही. घरी बसा आरामात."

त्या 'घरी बसा'ने दिनानाथाची झोप उडाली. दोन पिढ्यांचं शेत मातीखाली गाडायचं आणि वर आराम करायचा. जमीन त्याच्या नावावर होती, पण सही नाकारून पोराशी वैर धरायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. खांड बांधायची, राता उगवून दाखवायचा, हा एकच मार्ग होता.

अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती फार चढत नाही. तेवढे चार दिवस हातात. पहिल्या सकाळी खांडीवर चार माणसं होती. दिनानाथ, सखूबाई, सून दर्शना आणि झकेरियाभाई.

झकेरियाचं शेत दिनानाथाच्या शेताला लागून. बांध सामाईक, खांड दोघांच्या हद्दीवरच. बारा वर्षं कुवेतला काढून पनवेलात कापडाचं दुकान टाकलेला माणूस. लुंगी वर खोचून, डोक्याला टॉवेल गुंडाळून आला होता. पाय गोरे, मऊ, चिखलात घातल्याबरोबर शिंपल्याने कापले.

"या अल्ला," तो म्हणाला, आणि दुसरा पाय घातला.

बांबू ठोकले, पेंढा भरला. मग दिनानाथाने फावड्याने चिखलाची उशीएवढी डिखळं कापायची, दर्शनाने उचलायची, झकेरियाने पुढे द्यायची, सखूबाईने रचून पायाने तुडवायची. फेकलेला चिखल धरत नाही, हातातून हातात आलेलाच धरतो, असं दिनानाथाचा बाप म्हणायचा. बापाच्या बांधाची रेघही त्याने सोडली नाही. उरलेल्या दोन टोकांना सुतळी बांधून सरळ ताणली आणि त्या सुतळीखालीच बांध चढवायला लावला.

खांडीच्या आतल्या अंगाला, शेताच्या बाजूने, सहा वर्षांत तिवराची, म्हणजे खारफुटीची, झाडी उगवली होती. कमरेएवढी, काही डोक्याएवढी. दिनानाथ तिच्याकडे बघत नव्हता. बघायचं टाळत होता म्हटलं तरी चालेल.

दुपारी बसची फेरी संपवून कुमार यायचा, पँट वर दुमडून तासभर डिखळं उचलायचा आणि पुन्हा शाळा सुटायच्या वेळेला पळायचा. चौथ्या दिवशी बांध जुळला. दर्शनाच्या तळहातांची सालटं निघाली होती. झकेरियाला कंबर सरळ करता येत नव्हती, तो वाकलेलाच घरी गेला. दिनानाथाने बांधावर नारळ फोडला.

अमावास्येच्या उधाणाने दोन भरत्यांत सगळं नेलं.

सकाळी दिनानाथ खांडीशी उभा होता. बांबू आडवे पडलेले, सुतळीचं एक टोक पाण्यात हेलकावत होतं. झकेरिया आला आणि त्याने पलीकडे हात केला. पलीकडच्या काठावर जिथे एकेकाळी नुसतं पाणी पसरायचं तिथे भराव झाला होता, इमारती उभ्या होत्या.

"दिनाभाऊ, आपला काय कुसूर? पाण्याला तिकडे जागा नाय ठेवली, ते इकडेच येणार. भराव करणाऱ्यांनी वाट लावली आपली."

गावच्या सभेत हेच वाक्य दिनानाथ सगळ्यांत मोठ्याने बोलायचा. आज तो पाण्यातली सुतळी ओढून गुंडाळत राहिला.

सखूबाई खाली उतरून तिवराच्या झाडीत शिरली होती. नेहमीसारखी चिंबोऱ्यांची बिळं बघत असेल असं वाटलं. मग तिने तिथूनच हाक मारली.

"अवो, इकडं या जरा!"

दिनानाथ गेला. तिवराच्या मुळांतून बोटांसारखे वर आलेले खुंट, आणि त्यांच्यात वाहून गेलेल्या बांधाचाच चिखल अडकून बसलेला. त्यांनी कापलेली डिखळं. एकावर तर दर्शनाच्या टाचेचा ठसासुद्धा होता. उधाणाने बांध नेला, पण झाडीच्या आत शिरताना पाण्याचा जोर मेला होता आणि हातातला माल तिथेच टाकून ते परत गेलं होतं.

"यो बघा. इथं जमीन पन वर आली हाय, माझ्या घोट्याएवढी. सा वरसं मी बघतंय," सखूबाई म्हणाली. "बांध हिच्या मागनं घ्या. झाडी भायेर ऱ्हाऊ दे, खाडीच्या बाजूला. पानी आधी तिला लागल, मग आपल्याला."

"वळसा घालू? बापाची रेघ सोडून?"

"रेघ ऱ्हायलीय कुठं?"

"चार गुंठे जातान गो! भाताचे चार गुंठे खाडीला देऊ?"

"आता समदाच खाडीनं घेतला हाय," ती म्हणाली. "त्यातला चार ठेवू दे तिला."

दिनानाथ झाडीत तसाच उकिडवा बसला. झकेरिया मागून आला होता, त्याला वाटलं माणसाला चक्कर आली. त्याने खांद्याला हात लावला तसं दिनानाथ बोलायला लागला, वर न बघता.

"झकेरियाभाई, भरावानं पानी चढला, यो खरा हाय. पन पानी सगळ्या बांधाला लागला. खांड हितंच का पडली, सांग."

"मला काय माहीत?"

"मना माहीत हाय. हिच्या समोर भायेरनं तिवराचं रान होता. मानूस शिरला तर दिसायचा नाय एवरा. कुमार पोटात होता तवा मी तोडला. दोन म्हैने तोडत होतो. वीटभट्टीला घातला समदा, नि घरावर कौलं चढवली. माझा बाप बोंबलत होता, तिवराला हात लावू नको म्हनून. मी बोल्लो, खाडीत पैदा होतो, परत होयील." त्याने हाताने नाक पुसलं, मिशीला चिखल लागला. "नाय जाला. आनि सभेत मी दुसऱ्याच्या नावानं शिमगा करतो."

इतकी वर्षं त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती असं सखूबाईच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पोट घेऊन त्या लाकडाचे भारे भट्टीवर तिनेच नेले होते, डोक्यावरून. भारा बांधून तिच्या डोक्यावर चढवायचं तेवढं काम दिनानाथाचं होतं.

झकेरियाने टॉवेलने मान पुसली.

"कुठल्या भट्टीला घातलास?"

"ती मशिदीच्या मागची होती."

"ती माझ्या मामूची!" झकेरिया म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. "अरे दिना, त्या भट्टीच्या विटांवर माझं दुकान उभं हाय! चल, तीन गुंठे माझे पन गेले खाडीला. जाऊ दे. उठ, लोकं बघतील तर म्हणतील दोन म्हातारे चिखलात बसून रडतात."

दिनानाथ उठला. पोटातलं ओझं उतरलं की भूक लागते, तशी त्याला सपाटून भूक लागली होती. सखूबाईने बांधून आणलेली भाकरी तिघांनी झाडीतच उभ्याउभ्या खाल्ली.

पुढच्या अष्टमीला वळशाचं काम सुरू झालं. या वेळी दिनानाथ कोणाच्या दारी गेला नाही. पण गावात बातमी पसरली होती की दिनानाथ आणि झकेरिया खाडीला जमीन देऊन बांध वाकडा बांधतायत, दोघांच्या डोक्यावर परिणाम झालाय. वेडे बघायला कोणाला आवडत नाही? पहिल्या दिवशी पाच-सहा जण बांधावर उभे राहून बघून गेले. दुसऱ्या दिवशी गुडघेवाला अंपायर आला. तो थोडा वेळ सूचना करत राहिला.

"इथं पेंढा कमी पडलाय. तिथं नीट तुडवा."

दर्शनाने एक डिखळ उचलून त्याच्या हातात दिलं. नवीन चपला होत्या बिचाऱ्याच्या. पण डिखळ हातात आल्यावर माणसाला ते कुठेतरी ठेवावंच लागतं. त्याने पुढे दिलं, तोवर दुसरं आलं. संध्याकाळपर्यंत रांगेत नऊ जण होते. तिसऱ्या दिवशी सखूबाईला कालवण पुरेना, म्हणून झकेरियाच्या बायकोने, शहाबानोभाभींनी, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत पाठवली.

झाडीमागची जमीन उंच, त्यामुळे बांध लांब झाला तरी फार चढवावा लागला नाही. एकाही तिवराची फांदी मोडली नाही. एकाने बांबूला जागा करायला कोयता उचलला होता, पण दिनानाथ असा काही ओरडला की त्याच्या हातून कोयता गळून पडला.

पाऊस आला. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी दिनानाथ ओहोटीला वर करायचा आणि शेतातलं पावसाचं पाणी, मीठ घेऊन, खाडीत सोडायचा. भरतीला फळी खाली. महिनाभर हेच. रोज बोट बुडवून जिभेला लावायचा आणि थुंकायचा. खारटपणा कमी होत होता, पण जात नव्हता.

आषाढातल्या अमावास्येचं उधाण भर दुपारी होतं. वारा खाडीकडून, पाऊस आडवा. सगळे बांधावर आले होते. कुमार बस शाळेत लावून खाकी गणवेशातच धावत आला. त्याच्या खिशात फोन होता, आणि उदयसिंह आज फोन करणार होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. हे उधाण बांध नेणार असाच बाहेरचा अंदाज होता.

पाणी चढलं. तिवराची झाडी गळ्यापर्यंत बुडाली, नुसते शेंडे हलत राहिले. बाहेर पुरुषभर उंच लाट उठायची, शेंड्यांत शिरायची आणि अलीकडे येईपर्यंत नुसता फुगवटा उरायचा. बांधाचा माथा आणि पाणी यांत चार बोटं अंतर राहिलं. दिनानाथाचे ओठ हलत होते. तो देवाला काही सांगत होता की पाण्याला, कोण जाणे.

"बाबा, गळतंय!"

कुमारला दिसलं. बांधाच्या आतल्या अंगाने, मध्यावर, गढूळ पाण्याची धार. चिंबोरीचं बीळ. बीळ मोठं व्हायला वेळ लागत नाही, आणि त्यातूनच खांड जाते. दिनानाथ वळायच्या आत कुमारने बांधावरून बाहेरच्या अंगाला उडी घेतली. छातीएवढं पाणी. पायाने बीळ चाचपलं, सापडलं, आणि टाच आत कोंबून तो बांधाला पाठ लावून उभा राहिला.

"चिखल द्या! आये, चिखल दे!"

सखूबाईने दोन्ही हातांनी चिखल उपसून दिला. झकेरियाने आतून धार दाबली. दर्शना पेंढ्याची मूठ घेऊन आडवी झाली. कुमार बुडी मारायचा, बीळ बुजवायचा, वर येऊन श्वास घ्यायचा, पुन्हा बुडी. पाणी उतरू लागेपर्यंत तो तिथेच होता, तिवराच्या एका शेंड्याला धरून. बाहेर काढला तेव्हा ओठ निळे पडले होते.

त्याने खिशात हात घातला. फोनमधून पाणी ठिबकलं.

"मेला," तो म्हणाला.

"दुसरा घेशील," दर्शना म्हणाली.

"आता घाई कसली हाय," कुमार म्हणाला, आणि बांधावर चढून पुन्हा एकदा बीळ बुजलंय का ते पाय आपटून बघू लागला.

दिनानाथ शेतात उतरला, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. या वेळी तो थुंकला नाही. आठवड्याने त्याने नेऱ्याहून आणलेल्या बियाला मोड आणले आणि ओल्या चिखलावर मुठीमुठीने फेकलं.

सगळं शेत उगवलं नाही, खोटं कशाला सांगा. खोलगट भागात मीठ राहिलं होतं, तिथे रोपं पिवळी पडून गेली. पण बांधाच्या वळशाकडचं अर्धं शेत तरारलं. श्रावणात तिवराचं बी पाण्यावर तरंगत आलं, बदामासारखं. पूर्वी दिनानाथ ते काठीने ढकलून द्यायचा. आता टोपली घेऊन गोळा करायचा आणि बांधाच्या पायथ्याशी, खाडीच्या बाजूने, चिखलात टोचत बसायचा. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलं तर सांगायचा, "माझ्या हातानं गेला तो माझ्या हातानं लावतो."

दसऱ्याच्या आधी उदयसिंहाची जीप आली. कुमार बांधाचा खचलेला कोपरा भरत होता, पोटऱ्यांपर्यंत चिखलात. समोर राता निसवला होता, लोंब्यांवर तांबूस झाक.

"काय ठरलं मग, कुमारभाऊ?"

"ठरला की," कुमार म्हणाला. फावडं न ठेवताच त्याने मानेने खूण केली. "गाडी मागं घ्या सावकाश. इथून पुढं रस्ता नाय."

दिवाळीच्या सुमारास कापणी झाली. सखूबाईच्या हातात विळा आला तो सहा वर्षांनी, पण हात विसरत नाहीत. तिसऱ्या प्रहरी दिनानाथाने पहिला भारा बांधला, आवळला, उचलून मांडीवर घेतला. सखूबाईने सवयीने डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवली आणि मान ताठ करून त्याच्यासमोर उभी राहिली, भारा चढवायची वाट बघत. गावात पुरुष डोक्यावर भारा नेत नाहीत. हसतात लोक.

दिनानाथ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने तिच्या डोक्यावरची चुंबळ उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

"अवो, हे काय?"

"तुजं लय जालं. यो मी नेतो."

"लोकं काय म्हनतील?"

"म्हनू दे. हात लाव जरा, माझ्याच्यानं एकट्याला चढत नाय."

दर्शना तोंडाला पदर लावून हसली. कुमारने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. सखूबाईने खालून हात दिला, भारा डोक्यावर बसला. दिनानाथाची मान लटपटली, पाय फाकले, मिशीवर रात्याच्या तांबड्या लोंब्या लोंबायला लागल्या.

"सरळ बघा," सखूबाई मागून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "आनि बांधावरनं जपून चाला. वाट आता सरळ नाय, तिवराला वळसा हाय."

"माहीत हाय," दिनानाथ म्हणाला आणि वळशाच्या वाटेने घरी निघाला.